आजोबांच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या रात्रभर चिंचेत ठेवल्या, गुलाबी झाल्या. आता काय करू?

निन्या_कॅम्प

मंडळी प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

देवळाली कॅम्पातलं आमचं आजोळचं घर रंगवायला काढलंय. माळा रिकामा करताना दोन वस्तू सापडल्या. एक म्हणजे आजोबांची (आईचे वडील, तोफखान्यात होते) पितळी फुलदाणी, जी खरं तर फुलदाणी नाहीच, तोफेची रिकामी पुंगळी (दारू भरायचं पितळी नळकांडं) आहे, साधारण फूटभर उंच, हातात घेतली की मनगट भरून येतं. लहानपणी आजोळी गेलो की बाहेरच्या खोलीत कोनाड्यात ती उभी असायची आणि तिच्यात मोरपिसं खोचलेली असायची. आता ती बाहेरून काळी-तपकिरी झालीय, बुडाशी हिरवा थर, आतून तर बघवत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात १२ बोअर बंदुकीच्या २२ पुंगळ्या, अख्ख्या पितळेच्या, हल्लीच्या प्लास्टिकवाल्या नाहीत. आजोबांकडे लायसन्सची डबल बॅरल होती, ती मामाने कधीच रीतसर जमा करून टाकली, पण हा डबा राहिला. आई म्हणते तेव्हा पुंगळी फेकायचे नाहीत, तीच परत परत भरून वापरायचे.

आता गंमत (माझी झालेली). आई म्हणाली पितळ आहे ना मग चिंच लाव. मी शहाणा, हाताने कोण चोळत बसणार म्हणून चिंचेचा कोळ केला, त्यात मूठभर मीठ टाकलं, पाच पुंगळ्या बुडवल्या आणि झोपलो. सकाळी काळा थर गेलेला, एकदम खूश, पण धुवून उन्हात धरल्या तर पितळ पिवळं नाहीच, तांब्याच्या लोट्यासारखं गुलाबी! घासलं तरी गुलाबी. आई म्हणते मी कोळ लावायला सांगितला होता, लोणचं घालायला नाही.

तर
– गुलाबी झालेल्या पाच गेल्या का कायमच्या?
– मोठीच्या बुडावर काहीतरी ठोकलेलं आहे, अक्षरं आकडे, थराखाली नीट दिसत नाहीत. ती न घालवता साफ कशी करू?
– माझा मामेभाऊ अमेरिकेत ह्यूस्टनला असतो, तो रायफल शूटिंग करतो आणि स्वतःच्या पुंगळ्या साफ करून परत भरतो, तिकडे ते चालतं. तो म्हणतो ब्रासो अजिबात लावू नको, पितळ तडकतं. आमच्या घरात ४० वर्षं समईला ब्रासो लावतायत, एक समई तडकलेली बघितली नाही. फेकतोय का तो?

आणि हो, मला काहीही भरायचं नाहीये, फक्त शोकेसमध्ये ठेवायचंय. आधीच सांगतो.

---

विद्याकाकू

अरे बाळा रात्रभर कुणी ठेवतं का चिंचेत! चिंच लावायची म्हणजे बोटाने लावायची, चोळायची, रंग फिरला की लगेच पाण्याखाली. दोन मिनिटं, फार तर तीन. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या आधी सगळी पितळी उतरंड निघते, घंगाळ, समया, ताम्हन, सगळं, माझ्या सासूबाई कोळ लावून भांडं खाली ठेवूच द्यायच्या नाहीत, एका हातात भांडं दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. कोळ वाळला की डाग पडतो, आणि मग तो डाग काढायला परत चिंच, म्हणजे झालंच.

तुझ्या गुलाबी झालेल्यांना रांगोळी लाव. पांढरी रांगोळी बारीक चाळून, ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घास. वरचा गुलाबी थर निघतो आणि खालून पिवळं येतं, माझा अनुभव आहे, माझंही एकदा पंचपात्र असं झालं होतं (मी चिंचेत नाही, कोकमात विसरले होते). नाहीतर पीतांबरी घे, सोपं काम. पण धुतल्यावर ओलं ठेवू नकोस, कोरड्या पंच्याने पुसून उन्हात. नाशिकच्या पावसात तर दोन तासांत परत काळवंडतं.

---

चिवडाप्रेमी

इंग्रजांनी देवळालीवरून वेड लागण्याला डूलॅली शब्द काढला तो उगाच नाही. रात्रभर पुंगळ्यांना चिंचेत घालणारा माणूस कॅम्पातलाच निघायचा 😂

---

सातपूरचा_बफवाला

काकूंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त ते का होतं ते सांगतो कारण माझा धंदाच हा आहे, सातपूरला एमआयडीसीत पितळी पार्टचं फिनिशिंग करतो.

पुंगळीचं पितळ म्हणजे ढोबळ मानाने ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आम्ही त्याला सत्तर-तीसच म्हणतो. ते ओढून लांब करता येतं, फाटत नाही म्हणून पुंगळीला तेच वापरतात, तुमच्या नळाच्या तोटीचं पितळ वेगळं, त्यात शिसं घातलेलं असतं कापायला सोपं जावं म्हणून. आता आंबट कशातही हे पितळ फार वेळ ठेवलं तर वरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं, शिवाय कोळात विरघळलेलं तांबंही परत येऊन बसतं. म्हणून गुलाबी. एका रात्रीत हा थर अगदी पापुद्र्याएवढा असणार, आत पितळ जसंच्या तसं आहे, त्यामुळे घाबरू नको, घासून निघेल. आठवडाभर ठेवलं असतं तर मग पितळ भुसभुशीत व्हायला लागतं ते मात्र परत येत नाही.

आंबटच वापरायचं तर किराणा दुकानातलं निंबूसत घे, लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर, दहा मिनिटं, मधेमधे हलवायचं आणि बघत राहायचं, मोबाईल घेऊन बसायचं नाही. मग साध्या पाण्यात, मग खायचा सोडा टाकलेल्या पाण्यात, मग परत साध्या. मीठ नको. मिठाने काम पटकन होतं पण बारीक खड्ड्यांत राहिलं की तिथूनच हिरवं फुटतं.

आणि मोठी पुंगळी घेऊन कुठल्याही बफिंगवाल्याकडे (फिरत्या चाकावर पॉलिश करणाऱ्याकडे) जाऊ नको, माझ्याकडेही नको. बफचं चाक अक्षर बघत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक गिऱ्हाईक वाड्यातलं जुनं घंगाळ घेऊन आलं, मी मनापासून आरशासारखं चमकवून दिलं, तो माणूस हातात घेऊन बघतच बसला, म्हटलं आवडलं का, तर म्हणाला काठावर पणजीचं नाव होतं. नाव होतं तिथे नुसती चकचकीत पट्टी. पैसे दिले त्याने, पण मला घ्यायला कसंतरी झालं. तेव्हापासून जुनी वस्तू आली की आधी हाताने फिरवून बघतो.

---

रविवार_कारंजा_४२२००१

एवढं डोकं कशाला लावताय. तांबट लेनच्या बाजूला किंवा भांडी बाजारात विचार, कल्हईवाला गाठ. भट्टीत लाल करून नवसागर मारला की पितळ कसं लखलखीत निघतं. ५ मिनिटांचं काम, मोठी छोटी सगळी एकदम टाक म्हणावं.

---

निवृत्त_गनर

कारंजावाले साहेब, हा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका. आणि निन्या, तू काहीही लावायच्या आधी हे वाच. मी तोफखान्यातच होतो, देवळालीतही काढली आहेत वर्षं.

पहिली गोष्ट साफसफाई नाही. पुंगळी उलटी कर आणि बुडाच्या मधोमध बघ. तिथे प्राइमर असतो (ठोका बसला की दारू पेटवणारा भाग), मोठ्या पुंगळीत तो आट्यांनी फिरवून बसवलेला, १२ बोअरच्या पुंगळीत दाबून बसवलेली छोटी टोपी. उडालेल्या प्राइमरवर पिनेचा ठोका स्पष्ट दिसतो, चांगला खळगा असतो, किंवा मग प्राइमर काढून टाकलेला असतो आणि नुसतं भोक दिसतं. बावीसच्या बावीस बघायच्या, एक नाही. ठोका नसलेली, किंवा ठोका आहे पण वजनाला जड लागते किंवा तोंडाशी पुठ्ठा-मेण असं काही बसवलेलं आहे अशी एकही निघाली तर तिला घासायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही, बाजूला ठेवून ११२ ला फोन. भट्टीचा तर विषयच नाही. न उडालेला प्राइमर तापला की फुटतो, तो जुना आहे का नवा आहे हे तो बघत नाही.

दुसरं, कॅम्पात आणि आजूबाजूच्या गावांत राहणाऱ्या सगळ्यांसाठी. आजोबांच्या माळ्यावरची फुलदाणी वेगळी आणि रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर) पडलेलं पितळ वेगळं. रेंजवरचं काहीही उचलायचं नाही. भंगारात किलोवर जातं म्हणून लोक जातात, आणि न फुटलेला गोळा बाहेरून रिकाम्यासारखाच दिसतो.

तिसरं, कायदा. शस्त्र कायदा १९५९ मध्ये दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नाही, त्याचे भागही त्यात धरलेत. आजोबांचं जुनं लायसन्स किंवा बंदूक जमा केल्याची पावती मामांकडे असेल तर ती शोधा, पोलीस स्टेशनला एकदा जाऊन डब्याबद्दल तोंडी नाही, लेखी कळवा. आणि घरी भरणं वगैरे इथे लायसन्सशिवाय गुन्हा आहे, तुला भरायचं नाहीये हे तू म्हणालास ते बरं केलंस.

आता मोठी. फूटभर उंच आणि तोंड साडेतीन इंचाच्या आसपास असेल तर ती २५ पाउंडरची पुंगळी असणार. दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजी तोफ, आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं होती. त्यात गोळा आणि पुंगळी वेगवेगळी भरायचे. आधी गोळा आत, मग मागून पुंगळी. पुंगळीत दारूच्या पिशव्या असायच्या, लाल, पांढरी, निळी, जेवढं लांब मारायचं तेवढ्या पिशव्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. म्हणून तिचं तोंड रायफलच्या पुंगळीसारखं आवळलेलं नसतं, सरळ असतं, आणि म्हणूनच घरोघरी तिची फुलदाणी झाली. बुडावर बाण दिसतो का बघ, तीन रेघांचा, कोंबडीच्या पायासारखा. तो इंग्रज सरकारचा शिक्का. शेजारी साल आणि कारखान्याची अक्षरं असतात. १२ बोअरवर केएफ (किर्की फॅक्टरी) असेल तर ती आपल्या खडकीची.

अक्षरं दिसली की इथे लिही.

---

निन्या_कॅम्प

बापरे. सर धन्यवाद, मी तर सरळ घासायला बसणार होतो. तुमचं वाचून लगेच टॉर्च घेऊन बावीस बघितल्या. २० वर खळगा स्पष्ट आहे, दोनांत प्राइमर नाहीच, भोक आहे. मोठीत मधोमध पितळी चकती आहे, तिच्यात बरोबर मध्ये खोल ठोका. मामाला फोन केला, जमा केल्याची पावती त्याच्या फायलीत आहे, उद्या झेरॉक्स घेऊन येतोय.

---

ह्यूस्टनचा_नाशिककर

मीच तो फेकणारा मामेभाऊ 🙂 निन्याने लिंक पाठवली म्हणून खास अकाउंट काढलं. मूळ गंगापूर रोडचा, आता १४ वर्षं इकडे.

ब्रासोचं आधी, कारण ती गोष्ट खरं तर आपल्याच मातीतली आहे. १९ व्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत असं दिसायला लागलं की पावसाळा संपला की साठवलेली काडतुसं आपोआप तडकलेली सापडतात, मानेशी उभ्या चिरा, कुणी हात लावलेला नाही, उडवलेली नाहीत, पेटीतल्या पेटीत. पावसाळ्यात व्हायचं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं, ते आजही पुस्तकात तसंच आहे. कारण काय तर पावसाळ्यात दारूगोळा कोरडा राहावा म्हणून घोड्यांच्या पागेत ठेवायचे. पागेत घोड्याचं मूत, त्यातून अमोनिया, वर दमट हवा, आणि पुंगळी बनवताना मान दाबून आवळलेली असते त्यामुळे धातूत ताण अडकलेला. तिन्ही एकत्र आले की पितळाच्या कणाकणांच्या मधून चीर जाते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी हे नीट उलगडून दाखवलं. उपाय सोपा निघाला, मान तापवून नरम करायची म्हणजे ताण निघून जातो. म्हणून आजही सैन्याच्या पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो डाग नाही, तापवल्याची खूण आहे, आणि सैन्यवाले ती मुद्दाम पुसत नाहीत. इकडे नवीन लोक तो डाग समजून घासत बसतात.

ब्रासोसारख्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो. समईला लावून पुसून टाकलं तर समईला काही होत नाही, समईच्या आत काही फुटणार नसतं. माझ्या पुंगळीत रायफलच्या चेंबरमध्ये ५०-६० हजार पीएसआय दाब येतो आणि मी तीच पुंगळी पाच-सहा वेळा वापरतो, तिथे मला केसाएवढी चीर पण नको आहे. शिवाय माझा चेहरा त्या चेंबरपासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून रिलोडिंगवाले अमोनियाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. निन्याच्या फुलदाणीला एकदा ब्रासो लावला तर ती काय लगेच तडकणार नाही, पण आतल्या बाजूला, काठाच्या खाचेत राहिलेला निघत नाही, आणि कॅम्पातल्या पावसात ती माळ्यावर ठेवली तर मग पागेतली गोष्ट परत सुरू. आणि रविवार कारंजावाल्या भाऊ, नवसागर म्हणजे अमोनियाचंच मीठ आहे. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा जो पांढरा धूर नाकात जातो तो आठवा. जेवणाच्या पातेल्याला ठीक, पुंगळीला बिलकूल नाही.

भट्टीचं सरांनी सांगितलंच. मी फक्त एवढं जोडतो की मान तापवलेली चालते, बूड तापलेलं चालत नाही. बूड नरम झालं की पुंगळी वाया, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

मी स्वतः काय करतो. आधी हे कळायला मला वर्ष गेलं की साफ करायचं ते चमकवायला नाही. पुंगळीवर वाळूचा एक कण राहिला तर ती परत मापात आणायच्या साच्यात तो कायमचा ओरखडा पाडतो आणि मग प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटतो. म्हणजे कण गेले, काजळी गेली, चिरा दिसायला लागल्या की काम झालं. मळकट पिवळी पुंगळी आणि आरशासारखी पुंगळी टार्गेटवर सारखीच जाते. पण खरं सांगू, चमकलेली बघायला भारी वाटतं त्यामुळे सगळेच खोटं बोलतात की आम्हाला चमक नको.

दोन प्रकार आहेत. कोरडा म्हणजे थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या सालीचा चुरा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा घालून दोन-तीन तास. ओला म्हणजे रबरी अस्तराच्या ड्रममध्ये पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर निंबूसत आणि स्टीलच्या बारीक पिना, शेवईच्या तुकड्याएवढ्या. ड्रम तासभर-दीड तास फिरतो, पिना आतपर्यंत जातात, प्राइमरच्या भोकातली काजळीसुद्धा निघते. बाहेर काढल्यावर पाणी असं काळं असतं की गोदावरीला पूर आल्यावर रामकुंडापाशी तरी बरं दिसतं.

माझी पहिली ओली बॅच सांगतो म्हणजे निन्याला बरं वाटेल. रेंजवरून तीन मापांच्या पुंगळ्या गोळा केलेल्या, वेगळ्या करायचा कंटाळा केला आणि सगळ्या एकत्र टाकल्या. ९ एमएमची पुंगळी .४० मध्ये जाऊन बसली, .४० ची .४५ मध्ये, पिना मधे अडकून घट्ट. डब्यात डबा डब्यात डबा. पक्कड घेऊन रविवार अख्खा गेला. त्यात कंटाळून अर्ध्या ओल्याच बादलीत सोडून झोपलो, सकाळी सगळ्यांवर तपकिरी ठिपके. आता लगेच टॉवेलवर लोळवतो आणि ओव्हनमध्ये ९०-९५ डिग्रीला वाळवतो, त्याच्यावर कधीच नाही. आणि तो ओव्हन गॅरेजमधला आहे, त्यात केक होत नाही, हे बायकोने दारावर लिहून लावलंय.

त्यावरूनच सगळ्यात महत्त्वाचं. प्राइमरच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. उडालेल्या पुंगळीतली काळी पूड म्हणजे नुसती काजळी नाही, त्यात शिसं आहे. निन्या, पुंगळ्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, आत्याच्या पातेल्यात तर नाहीच. (चिंच कशात घातली होतीस? खरं सांग.) वेगळी प्लास्टिकची बादली, हातमोजे, मोरीत किंवा अंगणात, कोरडं घासायचं नाही, आधी ओलं करायचं म्हणजे पूड उडत नाही. काम झालं की हात साबणाने, आणि त्या दिवशी ते कपडे वेगळे धुवायचे. पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही.

---

विद्याकाकू

हे शिशाचं मला माहीतच नव्हतं हो. निन्या, ते पातेलं बाजूला काढ.

---

निन्या_कॅम्प

आईच्या स्टीलच्या डब्यात घातली होती 🙈 तो डबा आता रंगवाल्याच्या ब्रशसाठी दिला. आईला अजून सांगितलं नाहीये.

---

सातपूरचा_बफवाला

ह्यूस्टनवाले भाऊ, तुमच्या कणसाच्या भरड्याला आम्ही इथे कॉब म्हणतो आणि पार्ट धुतल्यावर पाणी टिपायला वापरतो, वायब्रोच्या (थरथरणाऱ्या मशीनच्या) बाउलमध्ये कॉब टाकला की दहा मिनिटांत पार्ट कोरडा ठाक, ठिपका नाही. सगळं जग एकच काम करतं फक्त नावं वेगळी.

निन्या, पाच गुलाबी पुंगळ्यांपैकी एक मला आणून दे असं म्हणणार होतो पण शिशाचं ऐकून आणि सरांचं कायद्याचं वाचून मोह आवरला. घरीच रांगोळीने कर. रांगोळी आवडत नसेल तर दात घासायची पांढरी पेस्ट, जेल नको. मोठीला मात्र फक्त साबण, जुना मऊ दातब्रश, आणि निंबूसताच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, बुडवायचं नाही. हिरवा थर असेल तिथे बांबूची काडी किंवा टूथपिक, स्टीलची घासणी अजिबात नाही. तिचे तुकडे पितळात रुततात आणि मग पितळावर गंज, लोकांना वाटतं पितळ गंजलं.

---

चिवडाप्रेमी

हे सगळं वाचून मी देवघरातली घंटा घासायला घेतली. दोन मिनिटं मोजून. काकू, मोबाईल बाजूला ठेवला होता.

---

निन्या_कॅम्प

अपडेट देतो. उशीर झाला कारण मधे तीन दिवस पाऊस होता आणि अंगणात काम करता येत नव्हतं.

पोलीस स्टेशनला मामा आणि मी जाऊन आलो. अर्ज आणि पावतीची झेरॉक्स दिली, त्यांनी डबा बघितला, दोन-चार प्रश्न विचारले, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. डबा सध्या त्यांच्याकडेच राहू द्या म्हणाले, बघून कळवतो. त्यामुळे गुलाबी पाच पण तिकडेच गेल्या, तिथल्या एका साहेबांनी विचारलं ह्या अशा का, मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला चिंच. साहेब हसले.

मोठीचा त्यांनी फोटो घेतला, ठोका बघितला आणि परत दिली. मग काल सकाळी ऊन पडलं तसा बसलो. बफवाल्यांनी आणि भावाने सांगितलं तसंच, बादली वेगळी, हातमोजे, कोमट पाणी, साबण. पहिल्या पाण्यातच एवढा काळा राडा निघाला की मी तीनदा पाणी बदललं. आतून बाटली घासायच्या ब्रशला फडकं गुंडाळून फिरवलं. हिरवा थर बांबूच्या काडीने खरवडला, तासभर लागला फक्त बुडाला. निंबूसताचं फडकं फिरवलं की ओल्या चहापत्तीसारखा रंग आधी मधासारखा होतो आणि मग पिवळा, तिथे थांबायचं हे आता डोळ्याला कळायला लागलंय. अगदी लखलखीत केली नाही, काठाशी आणि खाचेत काळं राहू दिलं.

सर, बुडावर २५ पीआर आहे. कोंबडीचा पाय आहे! आणि १९४३. आणखी दोन-तीन अक्षरं आहेत पण एकावर एक ठोकल्यासारखी वाटतात.

आणि एक गोष्ट जी मी शोधत नव्हतोच. बुडापासून चार बोटं वर, बाहेरच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी होतं. आधी वाटलं खड्डे पडलेत. दातब्रश फिरवल्यावर कळलं, भांड्यावर नाव घालतात ना दुकानात मशीनने, टर्र टर्र आवाज करत, तसं आजीचं नाव आहे. सौ. लावून. खाली दिवाळी १९६८. म्हणजे आजीने तोफेची पुंगळी उचलून भांडी बाजारात नेली आणि पातेल्यावर घालतात तसं नाव घालून आणलं. आईला दाखवलं तर म्हणाली हो मग, शेजारी मागून न्यायचे ना लग्नकार्याला, परत नको का यायला.

---

सातपूरचा_बफवाला

बफवर लावली असती तर तीस सेकंदांत गेलं असतं ते. ठिपके फार उथळ असतात, नखाएवढे पण नाहीत. आता पुढेही कधी पॉलिश मारू नको, वर्षातून एकदा साबण-पाणी आणि पातळ मेण बस. जमिनीच्या पॉलिशचं मेण पण चालेल, मऊ फडक्याने लावून लगेच पुसून काढायचं.

---

निवृत्त_गनर

२५ पीआर म्हणजे २५ पाउंडरच, आणि १९४३ म्हणजे बरोबर जमतंय. एकावर एक ठोकलेली अक्षरं असतील तर नीट उजेडात, बाजूने टॉर्च धरून फोटो काढ. त्या काळात पुंगळ्या कारखान्यात परत जायच्या, तपासून, नीट करून पुन्हा भरून यायच्या, आणि त्याच्या खुणा बुडावरच ठोकायचे. तुझ्या ह्यूस्टनच्या भावाचाच धंदा, फक्त सरकारी.

आणि आजींच्या दूरदृष्टीला सलाम. आमच्या मेसमधून अशा किती गेल्या, एकही परत आली नाही, कुणाचं नावच नव्हतं.

---

ह्यूस्टनचा_नाशिककर

आजीने मला कधी सांगितलं नाही हे! माझ्या वाटणीला तिचा एक पोळपाट आलाय, त्यावर पण नाव आहे का बघतो, ठोकता आलं असतं तर तिने सोडलं नसतं.

निन्या, आतून धुतलीस तरी तिच्यात खायचं-प्यायचं काही नाही, आणि ताजी फुलं पाण्यात घालून पण नको, पाणी साचलं की परत हिरवं. मोरपिसंच घाल. आणि आत्याला स्टीलच्या डब्याचं आज सांग, मी रविवारी व्हिडिओ कॉल करणार आहे आणि माझ्या तोंडातून निघेल.

---

निन्या_कॅम्प

सांगितलं. डब्यावर पण तिचं नाव होतं म्हणे.